पहिल्या वेलांटीचा जिना

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश जातो. मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा चालू आहेत, टीव्ही हळू लावावा, कीर्तन-भजन दार लावून करावं, गाडीचा हॉर्न पार्किंगमध्ये वाजवू नये. सचिव म्हणून तो मीच लिहितो, शुद्ध हिंदीत, ‘आप सभी से विनम्र अनुरोध है’ अशा सुरुवातीनं. सरकारी कारखान्याच्या टाउनशिप विभागात उभी नोकरी गेल्यावर विनम्र अनुरोध हाताला आपोआप येतो. यंदाही आला. लिहून झाला, पण पाठवता येईना. दोन दिवस तो फोनमध्ये तसाच पडून होता. शेवटी तळमजल्यावरच्या एका बाईंनीच त्यांच्या शब्दांत काहीतरी लिहून टाकलं आणि माझी सुटका झाली.

सुटका कसली म्हणा. अशा मजकुराचा पहिला कागद मी लिहिला त्याला तीस वर्षं उलटून गेली. त्या कागदाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशीसुद्धा नाही. मुळात मी कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात, आणि मीही म्हणू दिलं.

भोपाळचा मार्च हा तसा चमत्कारिक महिना. उन्हाळा आलेला नसतो आणि थंडी निघून गेलेली असते. टाउनशिपच्या रस्त्यांवर कडुनिंबाची पिवळी पानं इतकी पडायची की झाडणारी माणसं सकाळभर नुसते ढीग करत राहायची, आणि दुपारच्या वाऱ्यानं ते ढीग पुन्हा रस्ता व्हायचे. सावरीची जाड लाल फुलं फटकन डांबरावर पडायची. महिन्याच्या शेवटी करोंदच्या मंडीकडे जाणाऱ्या गव्हाच्या ट्रॉल्या बायपासवर दिसू लागायच्या आणि हवेत भुसा यायचा. पण मला या सगळ्याच्या आधी आठवते ती शांतता. परीक्षा म्हणून लाउडस्पीकर बंद. मंदिराचा बंद, कम्युनिटी हॉलचा बंद, लग्नाच्या बँडचा बंद. कारखान्याचा भोंगा तेवढा आपल्या वेळेला वाजायचा, आणि तो थांबला की शांतता आणखीच खोल व्हायची. अशा शांततेत लपून काही राहत नाही. एरवी जे कुणाच्या कानावरही येत नाही ते मार्चमध्ये सगळ्या ब्लॉकला ऐकू येतं.

आमचा ब्लॉक म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर समोरासमोर दोन दारं, मिळून आठ बिऱ्हाडं आणि मधोमध एक जिना. असे ब्लॉक ओळीनं पन्नास होते, सगळे एका नकाशाचे. नवीन माणूस हमखास चुकीच्या घरात शिरायचा. एकदा तर बिहारहून आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्याकडे हातपाय धुऊन, चहा पिऊन, मग विचारलं होतं की मिश्राजी कुठे गेलेत. तो नकाशा मी पुढे ऑफिसात पाहिला. त्यात खोल्यांना नावं होती, संडासाला नाव होतं, जिन्याच्या जागेत मात्र नुसत्या समांतर रेघा आणि वर जाणारा एक बाण. ज्यानं तो काढला त्याच्या लेखी ती जागा कुणाच्या राहण्याची नव्हती. माणूस तिथून फक्त जाणार.

आता, ज्या काळाबद्दल मी सांगतोय तो कॅसेटचा काळ. घरोघर सिनेमाची गाणी. आणि त्या गाण्यांतली माणसं कुठे असायची हे आठवून बघा. छतावर, झरोक्यात, गल्लीच्या वळणावर, अंगणातल्या झाडाखाली. गाण्यातली गोष्ट घडायला एक जागा लागते. तो गल्लीत असतो म्हणून ती खिडकीत येते. खिडकी नसती तर दुसरं कडवंच नसतं. आम्हां टाउनशिपवाल्यांकडे यातलं काही नव्हतं. खिडकीत कूलर. गल्ली नाहीच, नंबर घातलेला रस्ता. अंगण असलं तर साहेबांच्या बंगल्याला. छताला कुलूप, आणि त्याची किल्ली मेंटेनन्सकडे, म्हणजे माझ्याकडेच. कारण मी तेव्हा पंचविशीतला, नुकताच लागलेला ओव्हरसियर होतो. आम्ही ती गाणी ऐकायचो, गुणगुणायचो, पण त्या गाण्यांत आम्हांला उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्यांच्या घरात चुकून शिरून चहा प्यायल्यासारखं ते होतं.

आमच्या ब्लॉकमध्ये एकच बाई अशी होती जिनं गाणं इथल्या जागेत आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदवहिनी पागनीस.

पागनीस ग्वाल्हेरचे. आमचे वडील, नाना, पुण्याहून बदलून आलेले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच राहिलेले. ते म्हणायचे, या ग्वाल्हेरच्या मंडळींचं मराठी ऐकलं की हिंदी सुधारतं. वहिनी ‘विचार करते’ म्हणायच्या नाहीत, ‘सोचते’ म्हणायच्या. सासू ‘बिमार’ असायची, चष्मा ‘धुंडावा’ लागायचा. पागनीस भाऊसाहेब कारखान्याच्या बाहेरच्या साइटवर. आमच्याकडे बनलेली मोठी यंत्रं जिथे कुठे जाऊन उभी राहायची तिथे ती उभी करून देणारी माणसं वर्षानुवर्षं राहायची, त्यांतले ते. वर्षातून दोनदा यायचे, आंब्याची किंवा सफरचंदांची पेटी घेऊन, जिथली साइट असेल तिथलं. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि चाळिशीच्या वहिनी. मूलबाळ नाही. सासूच्या उशाशी पूजेतली घंटा ठेवलेली असायची. काही लागलं की म्हातारी ती वाजवायची.

त्या घंटेनं वहिनींचं जग मोजून दिलं होतं. दार उघडं ठेवून त्या जिन्यात येऊन बसत. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधला जो चौकोनी टप्पा, तिथपर्यंत घंटा ऐकू यायची. त्याच्या खाली नाही. हे त्यांनी पायरी पायरी उतरून ठरवलेलं होतं. म्हणजे दीड मजला. एवढ्यात त्या भाजी निवडायच्या, स्वेटर विणायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या, आणि दुपारी तीनच्या सुमाराला, पहिली पाळी सुटायच्या आणि शाळा परतायच्या आधी, गायच्या.

चाल त्यांची, शब्द त्यांचे. सिनेमाच्या वळणाची हिंदी गाणी. त्यांचं एक गाणं ब्लॉकमध्ये सगळ्यांना पाठ होतं:

ऊपर-नीचे, नीचे-ऊपर, बस इतना है जीना।
पहली मंज़िल दाल चढ़ी है, दूजी पर तकरार,
तीजी मंज़िल कौन रहे है, कोई न पूछे यार।

दर अंतरा एकेक मजला चढायचा, तिथल्या दारातून आत डोकवायचा आणि परत मुखड्यावर येऊन टेकायचा. मुखडा म्हणजे टप्पा, हे मला तेव्हा कळलं. जिना वर जाताना मध्ये एकदा वळतो, माणूस क्षणभर उभा राहतो, दम घेतो, गाण्यातही तसंच. वहिनी म्हणायच्या की ही गाणी त्या खोलीत बसून लिहून बघतात, पण होत नाही; खोलीत शब्द भिंतीला चिकटून बसतात. जिन्यात सिमेंटच्या पायऱ्या, चुन्याच्या उंच भिंती, एका बाजूला सिमेंटची जाळी. आवाज वर चढून परत यायला त्याला वेळ लागायचा. म्हणून त्या ओळीच्या शेवटी लांब स्वर ठेवायच्या आणि मग गप्प बसायच्या. स्वर वर जाऊन खाली आला की पुढची ओळ. त्या गप्प बसण्यात कधी कुणाच्या कुकरची शिट्टी यायची, कधी कुणी सायकल खांद्यावर घेऊन चढत असायचा, कधी वरून घंटा. गोष्टीतला निम्मा भाग त्या जागा सांगायच्या. तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे गाण्यात शेवटपर्यंत येत नाही. विचारून झालं की वहिनी थांबायच्या आणि वरून नुसता त्यांचाच ‘यार’ परत यायचा. त्यांच्या एकाही गाण्यात कुणी फाटकाच्या बाहेर पडलेलं मला आठवत नाही. कुठलंच गाणं त्या टप्प्याच्या खाली उतरायचं नाही.

यंत्रांच्या तारा गुंडाळायच्या वाइंडिंग शॉपमधले अन्वरभाई कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. अस्सल भोपाळी. ते गाणं ऐकायला म्हणून यायचे आणि आमच्या दारापुढच्या पायरीवर बसायचे. मुखडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, “भाभी, ये तो आपने ग़ज़ब कर दिया. ‘जीना’ में नुक़्ता लगाओ तो सीढ़ी, हटाओ तो ज़िंदगी.” वहिनी हसल्या. म्हणाल्या, आम्हां मराठी लोकांत अक्षराखाली नुक्त्याचा ठिपका नसतो, वेलांटी असते. जिना पहिल्या वेलांटीचा, जीना दुसऱ्या. अन्वरभाईंनी विचारलं, आणि बोलताना कसं कळतं? “बोलनेवाले का मुँह देखना पड़ता है,” वहिनी म्हणाल्या.

हे मी तिथे उभा राहून ऐकलेलं आहे. पुढे जे मी केलं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा, की मला हे माहीत होतं.

त्या हिवाळ्यात ऑर्केस्ट्रानं ते गाणं स्पर्धेत घेतलं. देशभरातल्या आमच्या कारखान्यांची स्पर्धा, आमच्याच हॉलमध्ये. वहिनींना जाता येणार नव्हतं, पण मी आमच्या आईला दोन तास सासूबाईंपाशी बसवलं आणि त्यांना घेऊन गेलो. हॉलला मखमली पडदे, माणसांनी भरलेल्या खुर्च्या, आवाज गिळून टाकणारं छत. गायला एक ट्रेनी मुलगी होती, गोड गळ्याची. पहिली ओळ झाली, ती थांबली, आणि काहीच परत आलं नाही. लोकांना वाटलं, विसरली. कुणीतरी टाळ्या वाजवून धीर दिला. दुसऱ्या ओळीपासून ड्रमवाल्यानं त्या रिकाम्या जागा भरायला घेतल्या आणि मग गाणं धावतच सुटलं. मजले राहिले नाहीत, दारं राहिली नाहीत. एका उदास बाईच्या गोष्टीचं एक खट्याळ नाचरं गाणं झालं. तिसरं बक्षीस मिळालं. परतताना मी वहिनींना विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, “छान. फक्त घर दुसऱ्यांचं होतं.”

आणि मग तो मार्च आला.

आमच्या धाकट्या भावाचं बारावीचं वर्ष, मागोमाग इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा. समोरच्या मिश्राजींची मुलगी दहावीला. सगळा ब्लॉक दबक्या पावलांनी चालत होता, आणि दुपारी तीनला वहिनी गात होत्या. त्या हळूच गायच्या. पण जिना हळू काही ठेवत नव्हता. एरवीच्या आवाजात जे कुणाला टोचलं नसतं ते त्या शांततेत नानांना सहन होईना. नानांनी अर्ज लिहिला, आठांपैकी सहा घरांच्या सह्या घेतल्या, पहिली सही स्वतःची. अर्ज टाउनशिप ऑफिसात आला आणि साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. तुमचाच ब्लॉक, तुमचेच वडील, तुम्हीच निकाल लावा, म्हणाले. मी त्याच दिवशी सगळ्या ब्लॉकला उद्देशून विनम्र अनुरोध लिहिला, जिन्यात ध्वनी करू नये असा, आणि खिशात ठेवला. तो लावायची हिंमत झाली नाही. वाचणारं माणूस एकच असणार होतं.

घरी नाना रोज विचारायचे. त्यांचं बोलणं चिमट्यासारखं असायचं. “तुमच्या खात्यात भिंतीला ओल आली तरी सहा महिने लागतात. ही तर नुसती हवा आहे,” म्हणायचे. भाऊ कानात कापूस घालून बसायचा आणि तो कापूस मुद्दाम दिसेल असा घालायचा. मला त्या घरात जेवण जाईना.

एका शनिवारी दुपारी मी वर येत होतो. वहिनी त्यांच्या त्या टप्प्यावर बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी, खालून भाजीवाल्याकडून कुणीतरी आणून दिलेली. गात नव्हत्या. सहा महिन्यांत भाऊसाहेब आलेले नव्हते आणि पुढचे सहा महिनेही येणार नाहीत असं पत्र आल्याचं आईकडून कळलं होतं. मी विचारलं, बरं आहे ना वहिनी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाळीतून बाहेर बघत म्हणाल्या,

“माझ्याच्यानं आता जीना होत नाही हो, भावजी.”

इथे मला नीट सांगितलं पाहिजे. मराठी माणसाला जिना चढवत नाही. त्याला जिना झेपत नाही, त्याचे गुडघे दुखतात, त्याला दम लागतो. जिना ‘होत नाही’ असं कुठलाच मराठी माणूस म्हणत नाही. ‘जीना नहीं होता’ हे हिंदी आहे, आणि त्याचा पायऱ्यांशी काही संबंध नाही. मी तिसरीपासून भोपाळात वाढलेला. मला ते ऐकताक्षणी कळलं. नानांना कदाचित कळलं नसतं. पुण्याच्या कानाला तो जिनाच वाटला असता. मी त्या क्षणी नानांचा कान उसना घेतला.

कारण त्याच क्षणी मला वाट दिसली. तिसरा मजला, बाईंना जिना चढवत नाही, घरात खिळलेली सासू. तळमजल्याचं क्वार्टर मिळायला याहून मजबूत कारण नाही. तक्रारीचा निकाल लागणार, कुणाला काही बोलावं लागणार नाही, आणि वर उपकार होणार. मी म्हणालो, “हो ना वहिनी, तीन मजले म्हणजे फारच. मी बघतो काहीतरी.” त्यांनी वळून पाहिलं. बोलणाऱ्याचं तोंड पाहावं लागतं असं त्याच म्हणाल्या होत्या. ऐकणाऱ्याचंही पाहावं लागतं, आणि त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग पिशवी उचलून वर गेल्या. चांगल्या भरभर चढून गेल्या.

सोमवारी अर्ज मी स्वतः टाइप केला. ऑफिस हिंदीचं. मराठीत असता तर शब्द तसाच ठेवता आला असता, दोन्ही बाजूंनी उघडा. हिंदीत मला निवड करावी लागली. मी लिहिलं: ‘प्रार्थिनी सीढ़ियाँ चढ़ने में असमर्थ है।’ सहीसाठी वर नेला. वहिनींनी दारातच उभं राहून वाचला. त्या ओळीवर बोट ठेवलं.

“सीढ़ियाँ लिहिलंत?”

“हो. ऑफिसात हिंदी लागते ना.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही लिहिलं असतं तर मंजूर झालं नसतं.”

आणि सही केली. कुमुद मधुकर पागनीस, वळणदार.

महिना संपायच्या आत क्वार्टर मिळालं. एकमजली लांब ओळ, टोकाचं घर, दार थेट रस्त्यावर उघडणारं. सामान हलवायला सगळा ब्लॉक लागला. सासूबाईंना खुर्चीवर बसवून उतरवलं तेव्हा पुढचा पाय स्वतः नानांनी धरला होता, पायरीगणिक “सांभाळून, सांभाळून” म्हणत. खाली आल्यावर वहिनींना म्हणाले, आता बघा, तुम्हांला एकही पायरी नाही. वहिनींनी त्यांना वाकून नमस्कार केला.

भावाचा त्या वर्षी नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही नाही. शांतता होती.

वर्षभरानं, पुन्हा मार्चमध्ये, मी त्या ओळीतल्या गळक्या टाक्या बघायला गेलो होतो आणि वहिनींनी चहाला बोलावलं. दहा बाय बाराची खोली, खिडकीत कूलर, पडदा, दार उघडलं की समोरून स्कूटर जाते. सगळं नीटनेटकं. सासूबाई आतल्या खोलीत, चार पावलांवर. कुठे बसलं तरी घंटा ऐकू येईल अशा. मी सहज विचारावं तसं विचारलं, नवीन काही लिहिलं का? त्या म्हणाल्या, नाही. एकदोनदा बसले. इथं म्हटलं की सगळं बाहेरच निघून जातं, थांबत नाही. मग कपात चहा ओतता ओतता, अगदी साध्या आवाजात, त्यांनी विचारलं, “भावजी, त्या दिवशी तुम्हांला काय ऐकू आलं होतं?”

मला तेव्हा एक शब्द बोलायचा होता. एकच. बोललो असतो तर त्याचं पुढे काय झालं असतं मला माहीत नाही. निदान त्या बाईला कळलं असतं की ती बोलली ते कुणापर्यंत तरी पोचलं होतं.

मी म्हणालो, “जिना.”

“हो का,” वहिनी म्हणाल्या. मग हसल्या. “चूक माझीच. आमचं ग्वाल्हेरवाल्यांचं मराठी.”

त्यांनी माझी माफी मागितली हो. माझ्या खोटेपणाबद्दल स्वतःच्या भाषेला दोष देऊन.

गोष्टी सांगायची सवय असलेल्या माणसाला इथे वाटेल की आता काहीतरी भयंकर घडणार. काही घडलं नाही. हेच मला लोकांना सांगता येत नाही. वहिनी जगल्या. चांगल्या तीस वर्षं जगल्या. दोन वर्षांनी सासू गेली, भाऊसाहेब साइटवरून कायमचे परत आले, निवृत्त झाले, नेहरू नगरला दोन खोल्यांचं घर घेतलं. वहिनी मंडळाच्या हळदीकुंकवाला यायच्या, गणपतीत मोदक वळायच्या, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवायच्या. बायका आग्रह करायच्या, वहिनी एखादं म्हणा. घसा बरा नाही, म्हणायच्या. तीस वर्षं घसा बरा नव्हता. मी दूरवरून बघायचो. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसेल असं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दार बंद असावं तसं. बाहेरून सगळं ठीक.

माझी मुलगी इंदूरला जाहिरातींची गाणी करणाऱ्या एका ठिकाणी काम करते. ती सांगते, आता गाणं रेकॉर्ड करतात ती खोली आतून गादीसारखी असते, आवाजाला कुठेच भिंत लागू नये म्हणून. जागा नंतर घालायची. तिनं लॅपटॉपवर दाखवलं, यादीच होती. मोठा हॉल, देऊळ, बोगदा, न्हाणीघर. मी विचारलं, जिना? तोही निघाला. तिनं माझं ‘हॅलो’ त्यात टाकून ऐकवलं. कुठल्या तरी दगडी इमारतीचा, उंच, स्वच्छ जिना असणार तो. माझा आवाज त्यात फार चांगल्या माणसाचा वाटला. मी म्हटलं, बंद कर.

हल्लीची गाणी मला कळत नाहीत असं मुलगी म्हणते. कळतात. त्यांतली माणसं कुठेच नसतात. कानात खुंट्या घालून प्रत्येकजण आपलं गाणं आपल्या डोक्यात ऐकतो; दुसऱ्याच्या दारावरून ते जातच नाही, मग कुणाच्या परीक्षेत व्यत्यय कसला येणार. आमच्या सोसायटीत जिना आहे, पण आगीच्या वेळी वापरायचा, जड दरवाजामागे. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांच्या बुटांकडे बघतो. अशा घरात कुणी कुणाला, माझ्याच्यानं आता होत नाही, असं सांगायचं ठरवलं तर ते कुठे उभं राहून सांगायचं, मला सुचत नाही. आणि सांगितलंच, तर ऐकायला माझ्यासारखा कुणीतरी असणार.

निवृत्तीच्या आधी त्या जुन्या ब्लॉकांची पाहणी माझ्याकडे आली होती. माणसं हलवलेली, भिंतींतून पिंपळ फुटलेले. मी त्या टप्प्यावर जाऊन उभा राहिलो. मला सूर नाही, म्हणून नुसता खाकरलो. वर रिकामी घरं होती, दारं काढून नेलेली. आवाज त्या घरांत शिरला आणि आतच राहिला. ‘धोकादायक, पाडावे’ असा शेरा मी लिहिला. हिंदीत.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. म्हातारपणाचं साधं दुखणं. मी दहाव्या दिवशी नेहरू नगरला भेटायला गेलो. भाऊसाहेब आता पंचाहत्तरीच्या पुढचे, ताठ, साइटवरच्या माणसासारखे मोजकं बोलणारे. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले की काल कारखान्यातले एक अन्वर म्हणून येऊन गेले, हातात काठी, धड चालता येत नव्हतं. बसून रडले. म्हणाले, भाभी क्या गाती थीं, वैसा फिर किसी से सुना नहीं. भाऊसाहेबांना काही समजेना. ते बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या घरी जायचे ते इकडे आले, असं त्यांना वाटलं होतं.

“तुम्ही तर त्याच जिन्यात राहत होतात,” भाऊसाहेब म्हणाले. “कुमुद गायची का हो?”

सगळं गाणं माझ्या तोंडात होतं, मुखड्यापासून. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, ती मला दिसली. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग बंद का केलं, आणि त्याचं उत्तर त्या खोलीत फक्त माझ्यापाशी होतं.

“घरोघरी बायका कामं करताना गुणगुणतात ना,” मी म्हणालो. “तसंच काहीतरी असेल.”

भाऊसाहेबांनी श्वास सोडला. खुर्चीत जरा मागे टेकले.

“तेच म्हटलं,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत मला कळलं नसतं का?”